ओढ्याकाठच्या तीन एकरांसाठी बंगळुरूचे चार दिवस

जागा आणि अडचण

जानेवारी 2024 मध्ये आमच्या डिझाइन ऑफिसचं तिसरं ड्रॉइंग परत आलं. पुण्याच्या पश्चिमेला ओढ्याकाठी तीन एकरांची लांबट पट्टी आहे, तिला लागून अकरा इमारतींची वसाहत. या पट्टीवर बाग करायची होती. आम्ही दाखवलेल्या चित्रांत हिरवळ होती, कारंजं होतं, रॉयल पामच्या दोन रांगा होत्या, पायवाटेला वळणं होती. वसाहतीच्या सभेत सत्तरीच्या एक आजी उठून म्हणाल्या, “बाळा, चित्र छान आहे. पण एप्रिलात दुपारी चार वाजता नातवाला घेऊन मी कुठे बसायचं, ते बोट ठेवून दाखव.” मला बोट ठेवता आलं नाही. पामची सावली खांबाएवढीच पडते, आणि बाकी सगळी हिरवळ उन्हात होती.

दुसरी मागणी भिंतीची होती. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला किंवा नुसता ऐकला, त्या पुणेकरांच्या मनात ओढा या शब्दाबरोबर भीती आलीच. आमचा ओढा वेगळा, लहान. तरीही निम्म्या सभासदांना काठावर उंच काँक्रीटची भिंत हवी होती, म्हणजे ओढा नजरेआड झाला की झालं. भिंतीने पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत जाईल, हे आम्ही तोंडाने सांगत होतो. पण भिंतीऐवजी काय, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

जमीनही सरळ नव्हती. पहार मारली की वरचा फूट-दीड फूट राडारोडा, त्याखाली काळी माती, मग मुरूम. ओढ्याला डिसेंबरपर्यंत स्वतःचं पाणी असतं. पुढे वरच्या सोसायट्यांच्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून, जे सुटतं तेवढंच वाहतं, आणि फेब्रुवारीपासून त्याला वास येऊ लागतो.

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ पार्कचा मोठा फोटो बरीच वर्षं लावलेला आहे. कालांग नदीचा 2.7 किलोमीटर लांबीचा सरळसोट काँक्रीट कालवा फोडून तिथे सुमारे 3 किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी केली. 62 हेक्टरची ही बाग नव्या रूपात 2012 मध्ये लोकांसाठी उघडली. काम थोर आहे, त्यातून आम्ही पुष्कळ शिकलो. पण सिंगापुरात बाराही महिने पाऊस पडतो, आणि आमच्याकडे चार. त्या फोटोखाली बसून आम्ही तीन वेळा ड्रॉइंग केलं आणि तिन्ही वेळा नकळत बारमाही पावसाची बाग काढली. हे माझ्या लक्षात आलं ते तिसऱ्या नकारानंतर.

जायचं तर कुठे

ऑफिसमध्ये सगळ्यांनाच कुठेतरी जाऊन यायचं होतं. सिंगापूर खर्चाने मागे पडलं, चंदीगडचा विचार झाला, शेवटी बंगळुरू ठरलं. दख्खनच्या पठारावरचं शहर, नदी नसलेलं, तळ्यांवर वाढलेलं, सव्वाशे वर्षांहून जुन्या बागा असलेलं, आणि त्याच वर्षी पाण्यावाचून तडफडणारं. 2023 चा पावसाळा कर्नाटकात कोरडा गेला होता, बोअरवेल आटल्या होत्या आणि टँकरच्या बातम्या रोज येत होत्या. काहीजण म्हणाले, अशा वेळी काय बागा बघायच्या? मला वाटलं, बाग बघायची खरी वेळ हीच. पाणी भरपूर असताना कोणतीही बाग चांगलीच दिसते.

आम्ही सहाजण गेलो. दोन आर्किटेक्ट, मी आणि माझी एक सहकारी लँडस्केपच्या, एक साइट सुपरवायझर, आणि आमचे माळीकाका. काकांना न्यायचं हा निर्णय सहज झाला नाही. ‘डिझाइन टीमची सहल’ म्हटल्यावर माळ्याचं तिकीट त्यात बसत नाही, असा ऑफिसात समज होता. काका मूळचे अक्कलकोटकडचे, घरात मराठीइतकंच कन्नड बोलणारे. तिकीट काढताना मी एवढाच विचार केला की बोलायला सोपं जाईल. पुढे या सहलीतून जे हाती लागलं, त्यातलं निम्मं काकांमुळे लागलं.

नियम दोनच केले. पहिला, ज्या जागेचा फोटो काढायचा तिचं आधी हाताने स्केच करायचं आणि टेपने मोजमाप लिहायचं. दुसरा, ‘हे पुण्यात करू’ हे वाक्य परतीच्या गाडीत बसेपर्यंत कुणी उच्चारायचं नाही. 6 मार्चला दुपारच्या सुमारास पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस धरली, 7 तारखेला सकाळी बंगळुरूत उतरलो.

लालबाग

लालबागेची सुरुवात हैदर अलीने 1760 मध्ये केली, टिपूने ती वाढवली. आज ती 240 एकर आहे. बहुतेक लोक आधी काचघराकडे जातात. त्याची पायाभरणी 1889 ची, आणि ते आहेही देखणं. आम्ही मात्र आधी खडकावर चढलो. बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाचा छोटा मनोरा ज्याच्यावर आहे तो ‘नाईस’ (gneiss) जातीचा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे. आपला पुण्याखालचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. हे आकडे मी टीमला सांगत होते तेवढ्यात काका खडकाच्या उतारावर खाली बसले. जिथे खडक संपून माती लागते तिथून त्यांनी चिमूटभर तांबडी माती उचलली, बाटलीतलं पाणी थेंब-थेंब टाकून तळव्यावर मळली आणि अंगठ्याने तिची पट्टी काढायला लागले. पट्टी बोटभर होण्याआधीच तुटली. “बघा, धरत नाही,” ते म्हणाले. “आपल्या साइटवरची माती अशी मळली तर इतभर पट्टी निघते, सापासारखी लोंबते.”

हातावर माती मळून बघण्याची ही पद्धत आम्ही सगळेच कॉलेजात शिकलो होतो. पट्टी लवकर तुटली तर वाळूचा अंश जास्त, पाणी पटकन निचरतं. लांब निघाली तर चिकणमाती जास्त, पाणी धरून ठेवते. आमच्या साइटची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि भेगा पडताना कोवळी मुळं तोडते. म्हणजे लालबागेत जे झाड आनंदाने उभं आहे ते आमच्याकडे जुलैत मुळाशी कुजेल आणि मेमध्ये मुळाशी तुटेल, ही शक्यता काकांच्या तळहातावर सगळ्यांनी पाहिली. माती तपासणीचा अहवाल आमच्या फाइलमध्ये सहा महिने पडून होता. त्याचा असा परिणाम कुणावरच झाला नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंगळुरूत टॅबेबुया फुलतो. गुलाबी सरत आलेला असतो आणि पिवळा भरात. रस्त्यावर फुलांचा सडा, झाडाला पान नाही, फक्त रंग. आमच्या तरुण आर्किटेक्टने तिथेच ठरवून टाकलं की पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हेच. नियमामुळे तो बोलला नाही, पण वहीत त्याने सगळी पट्टी पिवळी रंगवली होती.

इथे क्रुम्बिगल यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण मराठी वाचकाचा त्यांच्याशी एक धागा आहे. गुस्ताव हर्मन क्रुम्बिगल हे ड्रेस्डेनजवळ जन्मलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ, लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये काम केलेले. त्यांना 1893 मध्ये हिंदुस्थानात आणलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. बडोद्यातून ते 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात गेले आणि आधीचे प्रमुख कॅमेरून यांच्यानंतर लालबागेची सूत्रं त्यांच्याकडे आली. बंगळुरूच्या रस्त्यांवर वर्षाचा कोणताही महिना घेतला तरी काही ना काही फुलत राहील अशा क्रमाने झाडं लावायची, ही कल्पना त्यांची. त्यांच्यानंतर आलेल्या जवरय्यांनी ती पुढे नेली. टॅबेबुया सरतो तोवर जॅकरांडा, मग गुलमोहर, पेल्टोफोरम, आणि क्रम पुढे चालू. 1956 मध्ये क्रुम्बिगल बंगळुरूतच गेले, तिथेच त्यांचं थडगं आहे.

तरुण आर्किटेक्ट ‘टॅबेबुया’ लिहीत होता, तेव्हा माझ्या सहकारीने शेजारी बारा चौकोन आखले आणि प्रत्येकात एक महिना लिहिला. क्रुम्बिगल यांच्याकडून घ्यायचं ते हे चौकोन. त्यांत कोणतं झाड बसवायचं ते ज्याच्या त्याच्या गावाने ठरवायचं.

दुपारी काका गायब झाले. तासाभराने सापडले ते रोपवाटिकेच्या बाजूला, दोन माळ्यांबरोबर सावलीत बसून कन्नडमध्ये गप्पा मारताना. आम्ही एवढ्या वेळात झाडांची नावं आणि घेर टिपले होते. त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच: पाचोळा कुठे टाकता? आळं किती रुंद करता? नवीन रोपाला किती उन्हाळे पाणी द्यावं लागतं? अवजारं ठेवायला जागा कुठे? जेवायला कुठे बसता? शेवटचा प्रश्न त्यांनी सांगितला तेव्हा मी आमचं ड्रॉइंग आठवून पाहिलं. तीन एकरांच्या बागेत माळ्याला डबा उघडून बसायला आम्ही एकही जागा काढली नव्हती. पाण्याचा नळ होता तो प्रवेशद्वाराच्या शोभेच्या भिंतीमागे, पट्टीच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकापर्यंत पाइप ओढायला काकांना किती वेळ लागला असता, हे कुणी मोजलं नव्हतं.

शहरातली गेलेली तळी

दुसरा दिवस शहरात घालवला. लालबागेजवळच्या एमटीआर उपाहारगृहात रवा इडली खाऊन मॅजेस्टिक भागात गेलो. केंपेगौडा बसस्थानक उभं आहे ती जागा म्हणजे धर्मांबुधी तळ्याचा तळ. कांतीरवा स्टेडियमच्या जागी संपंगी तळं होतं. हे वाचलेलं होतं, पण बसच्या गर्दीत उभं राहून चारी बाजूंचे रस्ते आपल्याकडे उतरत येतात हे पायांना कळतं तेव्हा वेगळं वाटतं. बंगळुरूची तळी एकाखाली एक अशी साखळीने होती. वरचं भरलं की सांडवा खालच्यात, मधल्या ओहोळांना तिथे राजकालुवे म्हणतात. मधलं एक तळं बुजवलं तरी पाणी वाट विसरत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये आउटर रिंग रोडवरच्या आयटी कंपन्यांच्या परिसरात ट्रॅक्टर आणि होड्या चालवाव्या लागल्या, ते याच कारणाने. त्याच शहरात दीड वर्षाने आम्ही टँकरच्या रांगा पाहत होतो.

आमच्या मुक्कामातच पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला घालायला आणि गाड्या धुवायला बंदी केली, मोडल्यास 5,000 रुपये दंड. संध्याकाळी खोलीवर ही बातमी वाचताना आमच्या सुपरवायझरने साइटचा पाण्याचा हिशेब काढला. आमच्या तिसऱ्या ड्रॉइंगमधली हिरवळ आणि कारंजं महापालिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यावर धरलेलं होतं. अशी बंदी पुण्यात आली तर ती बाग दोन आठवड्यांत पिवळी पडली असती.

जक्कूर

तिसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेला जक्कूर तळ्यावर गेलो. या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची सकाळ ही.

तळं साधारण 160 एकरांचं. वरच्या अंगाला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, मुळात दिवसाला 1 कोटी लिटर क्षमतेचं. तिथून निघालेलं पाणी थेट तळ्यात जात नाही. आधी ते उथळ पाणथळ पट्ट्यातून जातं. त्यात पाणकणीस माजलेलं असतं, जलपर्णी असते, लव्हाळे असतात. पाणी तिथे रेंगाळतं. केंद्रातून आलेल्या पाण्यात उरलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस या वनस्पती खत म्हणून शोषतात, मुळांवरचे जिवाणू बाकीचं काम करतात, गाळ खाली बसतो. मग ते पाणी तळ्यात उतरतं. तळ्यात मासेमारी चालते, भोवतालच्या विहिरींना पाणी लागतं. काठावर रोज चालायला येणाऱ्या रहिवाशांनी तळ्याची देखरेख वर्षानुवर्षं अंगावर घेतली आहे.

त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं, पेलिकन संथ फिरत होते, पाणकणसांत जांभळ्या पाणकोंबड्या. मी मुद्दाम वाऱ्याच्या दिशेला, पाणी आत येतं त्या तोंडाशी गेले. तिथे वास होता. पाणथळाच्या मध्यावर कमी झाला. तळ्याच्या बाजूला आले तर ओल्या गवताचा वास तेवढा. नाकाने चाललेलं ते अंतर मी पावलांनी मोजलं आणि वहीत लिहिलं. आमच्या साइटवरही वासाचीच तक्रार होती, आणि ती झाकायला आम्ही आधीच्या ड्रॉइंगमध्ये रातराणी दाखवली होती.

पाणकणीस कापणाऱ्या एका माणसाशी काका बोलले. त्याने सांगितलेली गोष्ट साधी होती: वेळेवर कापून बाहेर काढलं नाही तर ते आतच कुजतं आणि जे शोषलं ते सगळं पाण्यात परत. म्हणजे पाणथळ बांधून सोडून देण्याची वस्तू नाही. शेतासारखी तिची कापणी आहे, तिला माणूस लागतो, कापलेलं न्यायला वाट लागते, टाकायला जागा लागते. आर्किटेक्टच्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, पाणकणीस नेहमी सुंदर दिसतं. हातगाडी जाईल एवढी वाट त्याच्या कडेने मी आजवर कुठल्याच सेक्शनमध्ये पाहिलेली नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा नाही.

शुद्धीकरण केंद्र नीट चाललं तरच पुढचं सगळं चालतं, हेही तिथे उभं राहिल्यावर कळतं. याच शहरातल्या बेळ्ळंदूर तळ्यावर फेस रस्त्यापर्यंत आलेला आणि 2017, 2018 मध्ये पेटलेलं पाणी देशाने पाहिलं आहे. वनस्पतींवर सगळा भार टाकता येत नाही.

रविवारी कब्बन पार्क. 1870 मध्ये सँकी या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ही बाग आखली गेली, आणि रविवारी तिच्या आतले रस्ते गाड्यांना बंद असतात. तिथे आम्ही फक्त माणसं बघितली. सकाळी दहाला ऊन चढल्यावर हिरवळ मोकळी झाली आणि सगळे लोक मोठ्या झाडांखाली सरकले. सतरंज्या, पुस्तकं, झोपलेले आजोबा, बांबूच्या बेटाशी गिटार. बाकांवर फार कुणी नव्हतं. मुळांवर, कट्ट्यांवर, दगडांवर लोक बसले होते. आजींच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या डोळ्यांसमोर पसरलं होतं.

परतीची गाडी

रात्री उद्यान एक्स्प्रेस सुटली आणि नियम संपला. तरुण आर्किटेक्टने पिवळ्या पट्टीची वही उघडली. वाद बराच वेळ चालला आणि तो चांगला झाला.

त्याचं म्हणणं असं की झाड परदेशी आहे म्हणून नाकारणं हा हट्ट झाला. बंगळुरूचे पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, जॅकरांडा, सगळे बाहेरचे, आणि त्यांच्याशिवाय ते शहर डोळ्यांपुढे येत नाही. यात तथ्य आहे. मी त्याला पाऊस दाखवला. बंगळुरूत वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पडतो, पण तो एप्रिलच्या आंबेसरींपासून नोव्हेंबरपर्यंत वाटून, आणि सर्वांत जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुण्यात 700 ते 750, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. बंगळुरू 900 मीटरच्या वर, आपण 560 वर. एप्रिलात ते 34-35 अंशांवर असतात, आपण 38-40 वर. तिथल्या झाडाला भर उन्हाळ्यात दोन-चार वेळा आकाशातून पाणी मिळतं. आपल्याकडे काकांना पाइप ओढावा लागतो.

तो म्हणाला, “मग एक झाड तरी?” मी म्हटलं एक चालेल, पण ओढ्याकाठी नको. हा विषय पहाटेपर्यंत तसाच राहिला.

उजाडलं तेव्हा गाडी कलबुर्गी सोडून सोलापूरच्या बाजूला लागली होती. खिडकीबाहेर ज्वारी काढलेली काळी रानं, तळहात मावेल एवढ्या भेगा, आणि बांधाबांधावर कडब्याच्या गंजी. अक्कलकोट रोडच्या आसपास काका खिडकीशी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका ओढ्याकडे बोट दाखवलं. पाणी नव्हतं. कोरड्या पात्राच्या दोन्ही काठांवर करंज कोवळ्या पोपटी पालवीने भरलेला होता, मधे निर्गुडी, आणि थोडं मागे पानं झडलेला पळस फुललेला. “यांना कुणी पाणी घातलंय?” त्यांनी विचारलं. तरुण आर्किटेक्टने वही काढली आणि गाडी पुढे जाईपर्यंत उभ्याने स्केच केलं. तीन रेषांचं, घाईचं. पुढच्या ड्रॉइंगचा सेक्शन तिथून आला.

ड्रॉइंग कसं बदललं

आधी पाणी काढलं. पट्टीच्या वरच्या टोकाला एसटीपीचं पाणी येतं तिथे गाळ बसायला एक खोल हौद, त्यापुढे पाणकणीस आणि लव्हाळ्यांचा उथळ लांब वाफा, शेवटी लहान तळं. तळ्यातलं पाणी बागेला, उरलेलं ओढ्याला. त्या आधी दोन महिने वरच्या सोसायट्यांच्या मागे लागून त्यांचे एसटीपी नीट चालवायला लावावे लागले. जक्कूर पाहिलं नसतं तर हे काम ‘आपल्या हद्दीबाहेरचं’ म्हणून आम्ही सोडलं असतं. वाफ्याच्या कडेने हातगाडीची वाट आहे, आणि वाटेच्या शेवटी कंपोस्टचे खड्डे.

भिंतीच्या जागी काठ उतरता केला. ओढ्याला पसरायला आमच्या बाजूने जागा सोडली. पट्टीचा खालचा तिसरा हिस्सा पुरात बुडणार हे ड्रॉइंगवर निळ्या रंगाने लिहूनच दाखवलं. तिथे बाक नाही, दिवा नाही, फक्त वाळा, निर्गुडी, वाळुंज, करंज आणि उंबर. वसाहतीकडच्या बाजूला, पुराच्या वर, मातीचा रुंद बांध. चालायची वाट त्याच्यावरून.

बारा चौकोन असे भरले. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा आणि पळस. चैत्रात करंज, त्यामागे बहावा. उन्हाळा चढतो तसा ताम्हण, तो थेट पावसाच्या तोंडापर्यंत. पावसाळ्यात कळंब. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांचन आणि बुचाची झाडं, ज्यांचा सडा पहाटे वेचायला पुण्यात अजूनही म्हाताऱ्या माणसांबरोबर मुलं जातात. डिसेंबरचा चौकोन आम्हाला भरता आला नाही, तो रिकामा ठेवला. पिवळा टॅबेबुया एक आहे, प्रवेशाजवळ, मुरमावर पोयटा घातलेल्या उंच वाफ्यात. तो तरुण आर्किटेक्टने स्वतः लावला.

हिरवळ जवळजवळ गेली. चार मोठ्या झाडांच्या जागा ठरवून त्यांच्याभोवती दगडी कट्टे आखले आणि एप्रिलातल्या दुपारी चारची सावली कुठे पडेल ती वेगळ्या कागदावर काढली. झाडं वाढायला वर्षं लागतील, म्हणून तोवर तिथे बांबूचे मांडव आणि त्यांवर मधुमालती. मधल्या भागात एक खोली: अवजारं, दोन नळ, एक मोरी, पंखा, आणि डबा खायला ओटा.

सभेत मी तो सावलीचा कागद आधी काढला आणि आजींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग स्वतःच एका कट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे किती उंच? गुडघे दुखतात माझे.” कट्टा आम्ही 45 सेंटिमीटर धरला होता. त्यांच्यासाठी दोन ठिकाणी 50 केला.

पहिला पावसाळा

लागवड जुलैत सुरू झाली, आणि हीच चूक. परवानग्या आणि खोदकाम लांबलं तेव्हा काठाचं काम पुढच्या वर्षावर टाकायला हवं होतं. काकांनी तसं सांगितलंही होतं: काठावर वाळा लावायचा तर पहिल्या वळवाआधी, मूळ धरायला दीड महिना द्या. मी तारीख पाळायच्या नादात ऐकलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या काठाचा लांब तुकडा काथ्याच्या जाळीसकट ओढ्यात गेला. कुणाला इजा झाली नाही. बांधावर पाणी चढलं नाही, बुडायची तीच जागा बुडाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीतले लोक काठावर गोळा झाले होते आणि भिंतीचा विषय पुन्हा निघाला होता. मी तिथे उभी राहून चूक माझी असं सांगितलं.

दुरुस्ती काकांच्या पद्धतीने झाली. काठाच्या पायाशी मोठे दगड रचले. त्यांच्या फटींतून वाळुंजीचे आणि निर्गुडीचे हातभर लांबीचे जाड फाटे तिरपे ठोकले. वाळुंज फाट्यावरून फुटते, निर्गुडीही. दसऱ्यापर्यंत त्या खुंटांना पालवी आली. पुढच्या उन्हाळ्यात मी एक खुंट हलवून पाहिला तो हलला नाही, आणि शेजारी उकरल्यावर मुळं दगडांच्या मागे शिरलेली दिसली.

वास वाफ्याच्या पहिल्या टप्प्यात अजून येतो, तळ्याशी येत नाही. डासांची तक्रार आली होती. तळ्यात गप्पी मासे सोडल्यावर आणि वाफ्यात साचणारे दोन कोपरे भरून घेतल्यावर ती कमी झाली. पाणकणसाची पहिली कापणी ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा झाली, कारण कापायला माणसं कोण देणार यावर वसाहतीत एकमत होत नव्हतं. आता वर्षाच्या देखभालीच्या करारात ती वेगळी ओळ म्हणून लिहिली आहे, दोन कापण्या, महिन्यांसकट. करारावर काकांची सही आहे.

भिंतीवरचा बिशानचा फोटो आहे तिथेच आहे. त्याच्या शेजारी गाडीतल्या खिडकीचं ते तीन रेषांचं स्केच फ्रेम करून लावलंय, आणि खाली बारा चौकोनांचा कागद. डिसेंबरचा चौकोन अजून रिकामा आहे. काका परवा म्हणाले की त्यांच्या गावाकडे त्या दिवसांत शेताच्या कुंपणाला एक वेल फुलते, पांढरी. बियाणं आणायला ते दिवाळीनंतर जाणार आहेत.